तळाची मूठ

४ फेब्रुवारी

फिके,

पार्सल मिळालं असेल तर आधी ते उघड, मग हे वाच. मिळालं नसेल तर पोस्टमनला गाठ, आणि त्याच्या बोटांना मसाला लागलाय का बघ.

पत्ता पॅकिंगवाल्या मावशींकडून काढला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. तुझा फोन लागत नाही म्हणजे तू माझा नंबर बंद केलायस हे मला कळतं, मी काही एवढी बावळट नाही. म्हणून पत्र. पत्राचा आवाज बंद करता येत नाही.

आता कामाचं. पार्सलमध्ये नऊ पाकिटं आहेत. लसूण शेव, मसाला शेंगदाणे, मिरीचे केळ्याचे वेफर्स, दोन तऱ्हेचे चिवडे, चकल्या, तळलेली डाळ, लिंबू-मिरचीचे कुरमुरे, आणि एक काळ्या कागदातली जाड शेव, जिच्याबद्दल मी काही सांगत नाही, तूच खाऊन बघ. सोबत आपलं नेहमीचं कार्ड आहे. डावा रकाना शौकिनांचा म्हणजे माझा, तो भरलाय. उजवा नवख्यांचा, तो तुझा. एक मिरचीपासून चार मिरच्यांपर्यंत, आणि नवख्याच्या वाट्याला जाऊच नये असं वाटेल त्यावर फुली. दोन चवींच्या मध्ये कोरडा पाव आणि कोमट पाणी. अकरा वर्षं केलंस, विसरली नसशील.

घाई एवढ्यासाठी की इथे परदेशात चाळीस दुकानांची खरेदी बघणारा एक माणूस आपल्याकडे येऊन गेला. त्याला भारतीय तिखट खाऊचे दोन डबे हवेत. एक नवख्यांसाठी, एक शौकिनांसाठी, आणि दोन्हींच्या झाकणावर आपल्या दुकानाचं नाव. त्याला आपला दोन जिभांचा नियम फार आवडला. बाकी सगळे म्हणे कंपनीने पाकिटावर छापलेल्या 'मध्यम तिखट'वर डोळे झाकून भरवसा ठेवतात. मध्यम म्हणजे कोणाचं मध्यम, गं? माझं मध्यम खाल्लं तर त्या खरेदीवाल्याचा टाय ओला होईल. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे मी आणि माझी बहीण दोघींचं एकमत झाल्याशिवाय पाकिटाला मिरचीचं लेबल लागत नाही. तो २ मार्चला परत येतोय. म्हणून कार्ड १ मार्चच्या आत हवं.

बाकी, जे झालं ते झालं. क्षुल्लक गोष्ट होती. तिच्यासाठी आठ महिने अबोला धरायची गरज नव्हती असं मला वाटतं. तुला वेगळं वाटत असेल तर लिही.

तुझे भावजी बरे आहेत. जेवताना तुझ्या खुर्चीकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

ताई

१४ फेब्रुवारी

फिके,

दहा दिवस झाले. कार्ड नाही, चार ओळी नाहीत. चष्म्याच्या दुकानात कामाला लागलीस असं मावशी म्हणाल्या. तिथे लोकांना अक्षरं वाचायला लावतेस ना? मग माझीही वाच.

काल इथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात अन्न जाणार नाही. वाचनालयातल्या त्या उंच बाई आठवतात? दर महिन्याला चकल्या न्यायच्या, मोजून एक पाकीट. त्यांच्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. तिथे कुणी आपला भारतीय खाऊ कधी चाखलेला नाही, म्हणून त्यांनी विश्वासाने आपल्या दुकानातला नेहमीचा नवख्यांचा डबा नेला. सगळं ठीक चाललं होतं. चिवडा संपला, चकल्या संपल्या. मग साहेबांनी भाषणाला उभं राहण्याआधी मसाला शेंगदाण्यांचं पाकीट हातात घेतलं, उरलेले सगळे दाणे तळहातावर ओतले आणि तोंडात टाकले. एक मिरचीचं पाकीट, बरं का.

दोन वाक्यं बोलले आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा. सगळ्यांना वाटलं साहेब गहिवरले. दोघी-तिघींनी पण पदर, म्हणजे रुमाल, डोळ्यांना लावले. टाळ्या झाल्या. मग साहेबांना उचकी लागली, मग खोकला, मग खुर्ची, मग पाणी, आणि पाण्याने आणखी भडका. तीस वर्षांच्या नोकरीचा निरोप बिचाऱ्यांनी नळाखाली तोंड धरून घेतला.

बाई रिकामं पाकीट घेऊन दुकानात आल्या. ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्या मिरच्यांवर विश्वास ठेवला होता."  

त्या गेल्यावर मी शेंगदाण्यांची तीन पाकिटं फोडली. तिन्हींतले दाणे चाखले. पाव खाल्ला, पाणी प्यायले, परत चाखले. तिन्ही साधी! एकच मिरची, फार तर सव्वा. भावजींना चाखायला दिले, तेही म्हणाले, लहान मुलाला द्यावेत असे आहेत. मग साहेबांना काय झालं? मला काही कळेना. अजून कळलेलं नाही.

आता जे लिहिते ते नीट वाच, कारण दुसऱ्यांदा लिहायचा धीर होणार नाही. तू गेल्यापासून उजवा रकाना मी भरतेय. तुझ्या वळणाच्या अक्षरात. एकेक घास तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, तुझा चेहरा आठवायचा आणि आकडा लिहायचा. माझ्या दोनला तुझे तीन. माझ्या तीनला तुझी फुली. आठ महिने असं चाललंय, आणि वर मी गिऱ्हाइकांना ताठ मानेने दोन जिभांचा नियम सांगते. आजवर खपून गेलं. शेंगदाण्यांना मी दोन्हीकडे एक दिला होता.

कार्ड पाठव. माझ्यासाठी नाही तर त्या साहेबांसाठी पाठव.

ताई

२२ फेब्रुवारी

फिके,

काल भावजींनी जेवताना विचारलं, "तुला कार्ड हवंय की ती?"

असल्या वेळी कसले प्रश्न विचारतात! मी ताट उचललं आणि उठले. संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. पाकिटांवर तारखा बघत बसले, जुनी पुढे, नवी मागे, नसलेलं काम. मग मलाच कळलं की उत्तर सोपं आहे म्हणूनच नाकाला मिरच्या झोंबल्यात.

मी पहिल्या पत्रात क्षुल्लक गोष्ट म्हणाले. ती क्षुल्लक नव्हती. त्या दुपारी मी मागच्या खोलीत आले, तू पॅकिंगच्या बायकांमध्ये पोत्यावर बसली होतीस, आणि तुझ्या हातात चार मिरच्यांची शेव होती. हसत होतीस. तुझं नाक लाल झालं होतं आणि तू हसत होतीस. मी ते पाकीट हिसकावलं. दुसऱ्या पत्रातसुद्धा मी हे टाळलं, पण फक्त हिसकावलं नाही, तुझ्या हातावर मारलं. सगळ्यांसमोर. एकतीस वर्षांच्या बाईच्या हातावर.

आणि म्हणाले, "तुझी जीभ तुझी नाही, दुकानाची आहे."

लिहून झालं. कागदावर तर आणखीच वाईट दिसतंय.

तुला वाटत असेल की ताई पहिल्यापासूनच अशी. तसं नाही गं. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मी एकोणीस. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसाठी शिजवलं, त्यात तिखट जास्त पडलं, आणि तू रडायला लागलीस. तिखटाने रडत होतीस की आईसाठी, मला काही समजेना. तिखटाचं रडणं तरी मला थांबवता येण्यासारखं होतं. म्हणून मी ते छोटं पातेलं काढलं आणि तुझं वेगळं, बिनतिखटाचं करायला लागले. तेव्हा फक्त माया होती, शप्पथ. दुकान तर खूप नंतर आलं. पण दुकान आल्यावर मला वाटलं, बरं झालं, हिची जीभ कोरी आहे. आणि मग ती कोरीच राहावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. लग्नाकार्याला गेलो तरी तुझ्या ताटावर माझी नजर. तुला 'फिकी' म्हणायला लागले आणि सगळ्यांना म्हणायला लावलं. माया कुठे संपली आणि धंदा कुठे सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. रोज पातेलं तेच होतं.

एकदा शेव खाल्लीस म्हणून मी एवढं रामायण केलं. एकदाच!

मला तू हवी आहेस. कार्ड गेलं खड्ड्यात. म्हणजे अगदी खड्ड्यात नको, पण तू आधी.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पार्सलही मिळालं. पहिली दोन पत्रं वाचून मी पार्सल परत पाठवणार होते, बांधूनही ठेवलं होतं. तिसरं आल्यावर दोरी सोडली.

आधी शेंगदाणे. तू पाकीट वरून फोडतेस, पहिली मूठ घेतेस आणि उरलेलं मागच्या खोलीत पाठवतेस. गेली अकरा वर्षं तू कुठल्याही पाकिटाचा तळ चाखलेला नाहीस. कोरडा मसाला दाण्याला चिकटत नाही, ट्रकमध्ये हिंदकळून सगळा खाली बसतो. वरचे दाणे एक मिरचीचे आणि तळाची मूठ चार मिरच्यांची. साहेबांनी तळाची मूठ खाल्ली. हे मला मावशींनी शिकवलं. तुझी फोडलेली पाकिटं त्यांच्याकडे जायची ना? त्या म्हणायच्या, वरचं ताईंना, तळाचं आपल्याला. शेव आणि चकल्यांना हा त्रास नाही, मसाला पिठातच असतो. दाणे, डाळ, कुरमुरे आणि वेफर्स नेहमी आधी उलटे करून हलवायचे, मग चाखायचे.

आता दुसरं. बसून वाच.

मी एकदाच खाल्लेलं नाही. सहा वर्षं रोज खाल्लं. चार वाजता तू मालाच्या फोनवर असायचीस तेव्हा आम्ही मागे बसायचो. पहिल्या वर्षी कान गरम व्हायचे. दुसऱ्या वर्षी मजा यायला लागली. त्या दिवशी तू पकडलंस तेव्हा मी मावशींशी पैज लावली होती आणि जिंकत होते. तू पाकीट हिसकावलंस म्हणून पैज अर्धीच राहिली, त्याचाही राग आहे.

म्हणजे सहा वर्षं उजवा रकाना मीही जिभेने भरलेला नाही. तू आठ महिने खोटा भरलास म्हणून रडतेस! पण मी नुसते आकडे टाकले नाहीत. मी काउंटरवर वाटी घेऊन उभी राहायचे आणि जे पहिल्यांदा आलेत त्यांना एकेक दाणा द्यायचे. मग बघायचे. घास झाल्यावर दुसऱ्यासाठी हात पुढे आला तर एक मिरची. हात आला पण आधी पाणी मागितलं तर दोन. हसून "नको" म्हणाले तर तीन. काहीच न बोलता दाराकडे बघायला लागले तर फुली. एका पाकिटाला किमान सात माणसं. तू म्हणायचीस, फिकी गिऱ्हाइकांशी गप्पा फार मारते. मी काम करत होते.

चष्म्याच्या दुकानात हेच करते. काच बदलायची आणि विचारायचं, आत्ता बरं दिसतंय की आधी? लोक सांगतात. विचारलं की लोक सांगतात, ताई.

बारा वर्षांची असताना मी तुझ्या ताटातला एक घास चोरून खाल्ला होता. मला आवडला होता. तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "तुला सोसत नाही." मी म्हटलं, सोसलं की! तू म्हणालीस, "उद्या पोट दुखेल." पोट दुखलं नाही. मी दोन दिवस तू विचारशील म्हणून वाट बघितली.

मारलंस त्याचं फार काही नाही. लहानपणी यापेक्षा जास्त मारलंयस. वाक्याचं आहे.

कार्ड सोबत आहे. इथल्या दुकानात येणाऱ्या सात जणांवर भरलंय, मालकांना विचारून. काळ्या कागदातल्या शेवेवर फुली आहे, पण ती मी संपवली. तुझी चौथी मिरची बरोबर आहे, फक्त थोडी कंजूष आहेस, आमच्या मावशींनी साडेचार दिले असते.

मला परत दुकानात यायचं नाही. हे काम मला आवडतं. आणि मला फिकी म्हणू नकोस.

तुझी धाकटी

३ मार्च

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा एवढी भडकले की भावजींनी पाण्याचा पेला पुढे केला. सहा वर्षं! माझ्या नाकाखाली, माझ्याच दुकानात, माझ्याच पोत्यावर बसून! मावशींना जाब विचारायला गेले तर त्या मख्खपणे म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." त्यांच्या हातावर पण मारावंसं वाटलं. नाही मारलं. कानाला खडा लावलाय.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बारा वर्षांच्या तुझ्यापाशी अडकले. तो दिवस मला आठवत नाही. खूप ताण दिला डोक्याला, नाहीच आठवत. तू दोन दिवस वाट बघितलीस आणि मला ते आठवतसुद्धा नाही. रडले. भावजी आत गेले, शहाणा माणूस.

मग शेंगदाण्यांचं पाकीट उलटं करून हलवलं आणि तळाची मूठ तोंडात टाकली. बाप रे! मी, शौकिनांची जीभ, उभी होते ती खाली बसले.

काल खरेदीवाला आला. टाय नवीन होता. तुझं कार्ड माझ्या हातात होतं, भरलेलं, सात माणसांच्या जिवावर. नुसतं पुढे केलं असतं तरी काम फत्ते होतं. पण वाचनालयातल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. मी म्हटलं, साहेब, आधी ऐका. दोन जिभांचा नियम आम्ही पाळलेला नाही. आठ महिने मी दुसरा रकाना मनाने भरला, आणि त्याआधी सहा वर्षं माझ्या बहिणीने मला फसवून तो माझ्यापेक्षा चांगला भरला. मग तुझी पद्धत सांगितली. हात पुढे आला तर एक, पाणी मागितलं तर दोन, सगळं.

त्याने आपली बॅग उचलली. मला वाटलं, गेला. मग म्हणाला, "बघू." मी त्याच्यासमोर तीन वाट्या ठेवल्या. डाळ खाऊन त्याने परत हात पुढे केला. लसूण शेवेला पाणी मागितलं. काळ्या कागदातल्या शेवेचा एकच तुकडा खाल्ला आणि काही न बोलता दाराकडे बघायला लागला. मी त्याला तुझं कार्ड दाखवलं. एक, दोन, फुली. तो हसला, म्हणजे आधी खोकला, मग हसला.

शौकिनांचा डबा त्याने घेतला. नवख्यांचा सध्या नाही. म्हणाला, तीन महिने तुम्ही स्वतः काउंटरवर उभ्या राहा, प्रत्येक पाकिटाला सात माणसं, मग दाखवा. मी कबूल केलं. नवख्यांच्या डब्यात मसाला शेंगदाणे ठेवायचे नाहीत हे मीच ठरवलं. वाचनालयातल्या बाईंकडे स्वतः जाऊन आले, चूक सांगितली. त्या साहेबांचा पत्ता द्यायला मात्र तयार नाहीत, म्हणाल्या, त्यांना जरा शांतपणे निवृत्त होऊ द्या.

आज सकाळपासून काउंटरवर आहे. पायांचे तुकडे पडले. चार जणांना डाळ दिली. एका म्हाताऱ्याला मी सवयीने सांगायला लागले की तुम्हाला हे सोसणार नाही, आणि जीभ चावली. वाटी पुढे केली आणि गप्प राहिले. त्याने पाच वेळा हात घातला, धाकटे. पाच वेळा. मी इतकी वर्षं लोकांच्या वतीने चाखत बसले, आणि ही साधी गोष्ट मला कधी सुचली नाही.

दुकानात परत ये असं म्हणणार नाही. तुझं काम तुझं. तुझी जीभही तुझी. ते वाक्य मी बोलले, ते चुकीचं होतं, आणि मी ते मागे घेते. फोनवर ऐकायचं असेल तर माझा नंबर चालू कर, तिथेही म्हणेन.

छोटं पातेलं आज दुकानात आणलं. काउंटरवर ठेवलंय, त्यात पावाचे तुकडे असतात, गिऱ्हाइकांसाठी. घरी आता मोठं एकच आहे.

पुढच्या रविवारी तुला सुट्टी असते असं मावशी म्हणाल्या. जेवायला ये. भावजींनी खुर्ची पुसून ठेवलीय, त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आणि आता खूप आधी विचारायला हवं होतं ते विचारते, उत्तर आल्याशिवाय चूल पेटवणार नाही.

काय खायचंय तुला?

ताई